शिळ्या कढीला ऊत: बातम्यांतून अर्थशास्त्र शिकवण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्प सुरू. आठवड्यातले दोन तास पुस्तक मिटून ठेवायचं आणि बातमी उघडायची. वर्गाचे सहा गट केले आहेत. सुरुवातीला बातमी मी आणणार, पुढे गट आणतील.

पहिली बातमी कालचीच होती. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला खासगी गाडी न्यायची तर गर्दीच्या वेळी ९ डॉलर भरायचे. बाह्य परिणाम, म्हणजे एकाच्या वापराचा इतरांवर पडणारा भार, शिकवायला याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही म्हणून मी खूश होते. फळ्यावर आकृती काढली, खासगी खर्च आणि सामाजिक खर्च या दोन रेषा दाखवल्या, असा भार कर लावून भरून काढावा म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञ पिगूचं नाव घेतलं. कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम विक्री यांनी गर्दीनुसार शुल्क आकारायची कल्पना १९५०च्या दशकात मांडली, १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते गेले, हेही सांगितलं. मुलांनी सगळं निमूटपणे उतरवून घेतलं.

संध्याकाळी लिहायला बसल्यावर लक्षात आलं की आज वेगळं काहीच घडलं नाही. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, एवढंच.

९ जानेवारी

तीच बातमी पुन्हा घेतली, पण या वेळी आधी तोंड बंद ठेवलं. प्रत्येकाला कागदावर एक आकडा लिहायला सांगितला: ९ डॉलरमुळे शंभरातल्या किती गाड्या कमी होतील? आणि कोणाच्या?

उत्तरं २ पासून ७० पर्यंत आली. सत्तर लिहिणाऱ्याला कारण विचारलं. म्हणाला, "मी तर नसतो गेलो." या एका वाक्यावर अर्धा तास निघाला. आपली मागणी म्हणजे बाजाराची मागणी नव्हे. पहिल्यांदा कोण माघार घेईल? ज्याला दुसरा मार्ग आहे, ज्याची वेळ पुढेमागे होऊ शकते, ज्याचं काम ९ डॉलरच्या मोलाचं नाही. अशा माणसांना ओळीनं उभं केलं की मागणी वक्र तयार होतो. तो वक्र मी आजवर कितीदा फळ्यावर काढला असेल, पण वक्रावरच्या प्रत्येक बिंदूवर कोणीतरी माणूस उभा असतो हे वर्गातून ऐकायला मिळालं ते आज.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पैसेवाल्याला रस्ता मोकळा मिळाला." मी सांगितलं की शुल्काचा पैसा सार्वजनिक वाहतुकीवर खर्च होणार आहे. त्यावर ती म्हणाली, "ते वेगळं वाक्य झालं, मॅडम." बरोबर होतं तिचं. शुल्कानं रस्त्याचा वापर सुधारतो का, हा एक प्रश्न. जमलेला पैसा कोणाकडे जातो, हा दुसरा. मी दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला चिकटवून मोकळी झाले होते.

आजपासून एक वही ठेवायची ठरली. रकाने चार: बातमी, भाकीत, कारण, कधी तपासायचं. मुलांनी तिला 'भाकीतवही' नाव दिलं. पहिल्या पानावर २ ते ७० हे सगळे आकडे.

१६ जानेवारी

गटांनी आणलेल्या बातम्या: एक लॉटरी, एका नटाचा घटस्फोट, सोन्याचा भाव, 'या पाच सवयी लावा आणि श्रीमंत व्हा'. शेवटची बातमीच नव्हे. नियम केला की बातमीत निदान एक किंमत किंवा कोणी केलेली एक निवड हवी. घटस्फोटवाल्या गटाचं म्हणणं, त्यांच्या बातमीत दोन्ही आहे. नियम पुन्हा लिहावा लागणार.

२८ जानेवारी

काल अमेरिकी शेअर बाजारात चिप्स बनवणाऱ्या एन्व्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला. डीपसीक या चिनी कंपनीनं कमी खर्चात तयार केलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल हे निमित्त. कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५८९ अब्ज डॉलरनं घटलं. अमेरिकी बाजाराच्या इतिहासात एका कंपनीची एका दिवसातली ही सर्वांत मोठी घट.

मला तंत्रज्ञान आणि स्पर्धा या विषयावर बोलायचं होतं. तशी तयारी करूनच गेले होते. पहिलाच हात वर आला: "५८९ अब्ज डॉलर गेले कुठे? कोणाला मिळाले?"

तयारी तशीच बाजूला राहिली. मी उत्तर दिलं नाही, प्रश्न फळ्यावर लिहिला. पहिला अंदाज: चीनला मिळाले. दुसरा: ज्यांनी विकले त्यांना. तिसरा: बँकेत परत गेले. मग एक खेळ केला. वर्गात दहा जणांकडे प्रत्येकी एक चिठ्ठी दिली. एकानं आपली चिठ्ठी दुसऱ्याला १०० ला विकली. बाजारमूल्य किती? दहा गुणिले १००, म्हणजे १०००. थोड्या वेळानं दुसऱ्या एकाला घाई होती, त्यानं ८० ला विकली. आता ८००. मग २०० गेले कुठे? विकणाऱ्याच्या हातात आले ८०, घेणाऱ्याच्या हातून गेले ८०. बाकीचे आठ जण जागचे हललेही नव्हते, तरी प्रत्येकजण २० नं गरीब झाला.

वर्ग क्षणभर शांत. मग एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे ते पैसे नव्हतेच." पैसे नव्हतेच असंही नाही, काल सकाळी विकला असता तर मिळाले असते. "पण सगळ्यांनी विकला असता तर नसते मिळाले." हे मी शिकवलेलं नाही. शेवटच्या व्यवहाराच्या किमतीनं सगळ्या शेअरना गुणलं की बाजारमूल्य निघतं. पुस्तकात ही गोष्ट दीड ओळीत आहे.

बातम्यांमधलं क्रियापद पाहिलं तर बहुतेक ठिकाणी पैसा 'वाहून जातो', 'बुडतो', 'स्वाहा होतो'. पैसा म्हणजे पाणी, अशी समजूत भाषेतच घट्ट बसलेली. पुढच्या वेळी नुसत्या क्रियापदांवर एक तास घ्यायचा.

३० जानेवारी

परवाच्या बातमीतल्या उरलेल्या प्रश्नावर. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम कमी चिप्समध्ये होऊ लागलं तर चिप्सची मागणी घटेल की वाढेल? बाजारानं सोमवारी म्हटलं घटेल. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी त्याच सुमारास जेव्हन्सचा विरोधाभास आठवून दिला: वापर स्वस्त झाला की वापर वाढतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सनं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच मांडलं होतं. वाफेचं इंजिन कमी कोळशात चालू लागलं आणि ब्रिटनमध्ये कोळसा कमी नव्हे तर जास्त जळू लागला.

बातमी एक, भाकितं दोन, आणि दोन्ही मागणीच्या त्याच नियमातून निघालेली. निकाल लवचिकता लावणार, म्हणजे किंमत बदलली की वापर किती बदलतो ते. किंमत दहा टक्क्यांनी उतरल्यावर वापर दहा टक्क्यांहून जास्त वाढला तर जेव्हन्स जिंकला. वर्गाची मतं १९ विरुद्ध १५. वहीत लिहिलं: जुलैअखेर तपासणे.

१३ फेब्रुवारी

अंडी. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या कालच्या अहवालात जानेवारीची सरासरी किरकोळ किंमत डझनाला ४.९५ डॉलर, डिसेंबरमध्ये ती ४.१५ होती. बर्ड फ्लूमुळे कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या आहेत.

पहिलीच शंका: "भाव वाढला तरी लोक दुकानापुढे रांग लावतायत, मग मागणीचा नियम खोटा ठरला ना?" ही चूक दरवर्षी होते. फक्त दरवर्षी ती उत्तरपत्रिकेत होते आणि मी लाल शाई फिरवून पुढे जाते. आज ती उघड्यावर आली. नियम म्हणतो, 'इतर परिस्थिती कायम असताना'. इथे कोणती परिस्थिती बदलली? पुरवठा वक्र डावीकडे सरकला, मागणी वक्र जागेवरच. त्या वक्रावर आपण वर चढलो, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी अंडी विकली गेली. रांग दिसते ती उरलेल्यांची. जे घेईनासे झाले ते रांगेत नसतात, म्हणून फोटोतही नसतात.

'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द मुलं मंत्रासारखे म्हणतात. बातमीचा खरा उपयोग इथे होतो, कारण बातमीत इतर परिस्थिती कधीच कायम नसते.

भाकीत: भाव कधी उतरेल? बहुतेकांचं मत, साथ आटोक्यात आली की लगेच. एका गटानं लिहिलं, 'पिल्लू वाढून अंडी द्यायला महिने लागतात'. त्या गटाला पुरवठ्याच्या लवचिकतेतला काळाचा मुद्दा आता वेगळा शिकवायला नको.

२५ फेब्रुवारी

पुन्हा न्यूयॉर्क. दोन गोष्टी घडल्या. १९ तारखेला केंद्रीय परिवहन खात्यानं शुल्काची मंजुरी मागे घेतली, त्यावर वाहतूक प्राधिकरण न्यायालयात गेलं आणि शुल्क चालूच राहिलं. काल पहिल्या महिन्याचा हिशेब आला: उत्पन्न सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर.

मला हिशेबावर बोलायचं होतं, वर्गाला ट्रम्पवर. दहा मिनिटांत दोन तट पडले आणि मागणी वक्राचं नावही कोणाच्या तोंडी राहिलं नाही. मी चिडले, आवाज चढवला, उपयोग शून्य. शेवटी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'काय होईल', उजवीकडे 'काय व्हावं'. प्रत्येकानं आपलं वाक्य सांगायचं आणि ते कुठे बसतं हे दुसऱ्यानं ठरवायचं. बरीचशी वाक्यं मधोमध अडकली. 'सामान्य माणसाची लूट आहे' हे कुठे टाकायचं? शेवटी ते वाक्य तोडलं. 'कमी उत्पन्नवाले गाडीनं किती येतात?' डावीकडे. 'त्यांच्याकडून घेऊ नये' उजवीकडे. भांडण मिटलं नाही, पण निदान कशावर भांडतोय ते कळलं.

शेवटच्या दहा मिनिटांत खरा मुद्दा: गर्दी कमी झाली ती शुल्कामुळे की जानेवारी आहे म्हणून? थंडी, सुट्ट्या, काहीही असू शकतं. तुलना कशाशी करायची? इथे डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचं उदाहरण वापरलं. १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही. त्यांनी दोन्हीकडची फास्ट फूड दुकानं आधी आणि नंतर पाहिली. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, क्रूगर तोपर्यंत हयात नव्हते. एका मुलाला लगेच सुचलं, "मग जे पूल त्या भागात जातच नाहीत, तिथली गर्दी बघा." बघायचं तेच होतं.

१३ मार्च

अमेरिकेच्या महागाईच्या एकाच अहवालातून दोन गटांनी दोन बातम्या आणल्या. एकाची: महागाई घटली, ३.० वरून २.८ टक्के. दुसऱ्याची: अंडी विक्रमी महाग, डझनाला ५.९०. दोन्ही गट एकमेकांना खोटं पाडायला निघाले.

महागाई म्हणजे किमतींची पातळी नव्हे, वाढीचा वेग. वेग कमी झाला तरी गाडी पुढेच जात असते. हे सांगून झालं, माना डोलल्या. खात्री म्हणून विचारलं: जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्के होती, आता २.८. मग किमती २०२२ पेक्षा कमी की जास्त? अर्ध्या वर्गानं 'कमी' म्हटलं. माना डोलल्या म्हणजे कळलं, असं मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर मानत आले?

मग १०० चा एक काल्पनिक निर्देशांक घेऊन प्रत्येकानं स्वतः पाच वर्षांचे आकडे भरले. दर उतरत गेले, आकडा चढतच गेला. ज्यानं स्वतः भरला त्याला समजलं. ज्यानं शेजाऱ्याचा उतरवला त्याला नाही.

शिवाय, ३.० वरून २.८ म्हणजे ०.२ टक्के घट नव्हे, ०.२ टक्के बिंदूंची घट. याला शेवटची तीन मिनिटं उरली होती. वाया गेली.

१८ मार्च

घटक चाचणीचे गुण हाती आले. आकृती काढून स्पष्ट करा या प्रश्नात यंदाचा वर्ग चांगला. व्याख्यांत कच्चा, आणि तो कच्चेपणा माझ्यामुळे आहे. अभ्यासक्रमात दोन प्रकरणं मागे पडले आहे.

शिक्षक खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "परीक्षेत अंडी येणार आहेत का?" हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खोटा नाही. एप्रिलपासून एक तास बातमी, एक तास पुस्तक.

३ एप्रिल

काल अमेरिकेनं जवळजवळ सगळ्या देशांवर आयात शुल्क जाहीर केलं. सगळ्यांना किमान १० टक्के, बऱ्याच देशांना त्याहून कितीतरी जास्त. व्हिएतनामला ४६, मादागास्करला ४७. हर्ड आणि मॅकडोनल्ड बेटांनाही १०, जिथे पेंग्विन आणि सील राहतात, माणूस नाही. पेंग्विननी तासाची पहिली पाच मिनिटं खाल्ली, ती मी खाऊ दिली.

तक्त्यात शेजारी एक रकाना होता: तो देश अमेरिकेवर म्हणे किती शुल्क लावतो. व्हिएतनामपुढे ९०. हा आकडा आला कुठून, हे काल रात्रीच अनेकांनी शोधून काढलं होतं. मी उत्तर न सांगता फक्त २०२४ चे व्यापाराचे आकडे दिले. व्हिएतनामकडून अमेरिकेची आयात १३६.६ अब्ज डॉलर, निर्यात १३.१. यातून ९० काढा. सातव्या मिनिटाला एका गटानं बाक वाजवला. तूट १२३.५, तिला आयातीनं भागा, ०.९०. त्याचं निम्मं केलं की ४५ आणि वर थोडं, ते वरच्या पूर्णांकाला नेलं की ४६.

म्हणजे यात व्हिएतनामनं लावलेलं शुल्क कुठेच नाही, फक्त वस्तुव्यापारातली तूट आहे. सेवाही धरलेल्या नाहीत.

अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयानं दिलेल्या सूत्रात दोन ग्रीक अक्षरं आहेत. एक लवचिकता, किंमत ४. दुसरं, शुल्काचा किती हिस्सा किमतीत उतरतो ते, किंमत ०.२५. "चार गुणिले पाव म्हणजे एक. मग लिहिली कशाला?" हा प्रश्न मी तसाच वहीत उतरवला. पण ०.२५ वर थांबणं गरजेचं होतं. त्याचा अर्थ, शुल्काचा पाव भागच आयात किमतीत दिसेल. २०१८-१९ च्या शुल्कांवर झालेल्या अभ्यासांत मात्र जवळजवळ सगळा बोजा अमेरिकी आयातदारांवरच पडल्याचं आढळलं होतं. शुल्क कायद्यानं कोण भरतो आणि प्रत्यक्षात कोण सोसतो, हा कराघाताचा आणि करभाराचा फरक. पुस्तकातलं हे प्रकरण आजवर कोणी डोळे उघडे ठेवून ऐकलेलं मला आठवत नाही.

मादागास्करचं काय? तिथून व्हॅनिला जातो, अमेरिकेत त्याची शेती नावालाही नाही. मादागास्करच्या लोकांकडे अमेरिकी विमानं घेण्याइतका पैसा नाही. तूट राहणारच. इथे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांचा न्हावी कामाला आला: माझी न्हाव्याशी कायमची तूट आहे, तो माझ्याकडून काहीच विकत घेत नाही. वर्ग हसला. मग एकजण गंभीरपणे म्हणाला, "पण सगळ्यांशीच तूट असेल तर?" तो मात्र न्हाव्याचा प्रश्न राहत नाही, तो बचत आणि गुंतवणुकीचा आहे. पुढच्या तासाला. तेरा पानांची कार्यपत्रिका रात्री बनवली.

१० एप्रिल

कार्यपत्रिका रद्दी. काल बहुतेक देशांवरचं जादा शुल्क ९० दिवसांसाठी थांबलं, १० टक्के तेवढं राहिलं. चीनचं १२५ वर गेलं. घरून निघताना बातमी एक होती, वर्गात शिरेपर्यंत दुसरी. मुलांच्या हातात माझ्याहून ताजी माहिती होती आणि अख्खा तास 'आता किती झालं' यात गेला.

निर्णय: ताज्या बातमीवर फक्त भाकीत लिहायचं, पाच मिनिटांत. शिकवायची ती निदान तीन आठवडे जुनी बातमी. आकडे तोवर बसलेले असतात, गलका ओसरलेला असतो, आणि मुख्य म्हणजे वहीत आपण काय म्हणालो होतो ते समोर असतं.

शिक्षक खोलीत हे सांगितल्यावर तेच सहकारी म्हणाले, "म्हणजे शिळ्या कढीला ऊत." अगदी.

११ एप्रिल

अंड्यांचा मार्चचा आकडा: ६.२३. नवा उच्चांक. वर्गाला धक्का, कारण घाऊक भाव मार्चमध्येच निम्म्याच्याही खाली आला होता आणि ३४ पैकी २९ जणांनी किरकोळ भाव उतरेल असं लिहिलं होतं.

आता कारण शोधणं त्यांना स्वतःलाच हवं होतं. दुकानदारानं महागात घेतलेला माल, आधीच्या भावानं ठरलेले करार, महिन्याची सरासरी, आणि 'गिऱ्हाईक देतंय तर कमी का करू'. चारही कारणं मुलांकडून आली. अर्थशास्त्रात यासाठी रॉकेट आणि पिसं अशी उपमा आहे, किंमत चढते रॉकेटसारखी आणि उतरते पिसासारखी. ती मी सर्वांत शेवटी सांगितली.

जे पाच जण बरोबर आले होते त्यांचं कारण वाचलं. त्यातल्या तिघांचं: 'भाव कधीच कमी होत नाहीत.' बरोबर उत्तर, चुकीचं कारण. याला गुण द्यायचे का यावर वाद झाला. मी नाही दिले.

२ मे

अमेरिकेचा जीडीपी पहिल्या तिमाहीत वार्षिक दरानं ०.३ टक्के घटला, परवा जाहीर झालं. नियमानुसार भाकितापुरतंच घ्यायचं होतं, पण नियम मोडला, कारण बातमीत एक वाक्य होतं: आयात वाढल्यानं जीडीपी घटला. शुल्काच्या आधी माल भरून घ्यायची घाई, आयात वार्षिक दरानं ४१.३ टक्के वाढलेली.

सूत्र सगळ्यांना पाठ: उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निर्यात उणे आयात. 'उणे' दिसतंय, म्हणजे आयातीनं घट. मीसुद्धा कधीकाळी असंच शिकवलं आहे, हे इथे कबूल करून ठेवते.

फळ्यावर हिशेब: १०० चं यंत्र परदेशातून आणलं. गुंतवणुकीत अधिक १००. आयातीत उणे १००. बेरीज शून्य. आयात वजा होते कारण ती आधी दुसऱ्या रकान्यात मिळवलेली असते. देशात जे बनलंच नाही ते देशाच्या उत्पादनात कसं धरणार आणि त्यातून कमी तरी कसं होणार? मग घट कशी? सरकारी खर्च थोडा घटला हे एक. दुसरं म्हणजे आलेला माल गोदामात आहे की विकला गेला याची नोंद आयातीइतकी चटकन आणि नेमकी होत नाही. बंदरावर मोजदाद पक्की, गोदामात कच्ची.

"म्हणजे हा आकडा बदलेल?" बदलेल. पहिलाच अंदाज आहे. वहीत: मेअखेर आणि जूनअखेर तपासणे.

१४ मे

अंडी ५.१२. पीस उतरू लागलं. परवा अमेरिका आणि चीन यांनी शुल्क तात्पुरतं ३० आणि १० टक्क्यांवर आणलं, त्यावर पाच मिनिटं भाकीत. एकानंही चिडून 'आता किती झालं' विचारलं नाही.

३० मे

जीडीपीचा दुसरा अंदाज: ०.२ टक्के घट. वर्ग निराश, एवढंच बदललं म्हणून. सुट्टी लागतेय, वही माझ्याकडे.

३१ जुलै

सुट्टीनंतरची पहिली मोठी तपासणी.

जूनमध्ये तिसऱ्या अंदाजात पहिल्या तिमाहीची घट ०.५ झाली. काल दुसऱ्या तिमाहीचा पहिला अंदाज आला: वाढ ३.० टक्के. आयात ३०.३ टक्क्यांनी घटलेली. बातम्यांचा सूर 'जोरदार उसळी'. हा सूर कानावर पडताच तीन-चार जण एकदम बोलले, त्यातलं स्पष्ट ऐकू आलेलं एवढं: "आयात घटली म्हणून उत्पादन वाढलं असं नाही, मागच्या वेळी उलटं होतं तेच आता सुलटं." मग त्यांनीच दोन तिमाहींची सरासरी काढली. सव्वा टक्का. उसळीही नाही, घसरणही नाही.

एन्व्हिडिया. २७ जानेवारीला बाजारमूल्य २.९ लाख कोटी डॉलरच्या आसपास उरलं होतं, याच महिन्यात ते ४ लाख कोटींवर गेलं. असं मूल्य गाठणारी ती पहिलीच कंपनी. जेव्हन्सच्या बाजूचे १९ जण टाळ्या वाजवू लागले. मागच्या बाकावरची ती मुलगी उठली: "आपण चिप्सचा वापर वाढेल का विचारलं होतं. हा शेअरचा भाव आहे." आणि जानेवारीतली चिठ्ठ्यांची गोष्ट तिनंच सगळ्यांना आठवून दिली. टाळ्या थांबल्या. वहीत निकालाच्या जागी लिहिलं: प्रश्न एक, पुरावा दुसऱ्याचा. प्रलंबित.

४ ऑगस्ट

शुक्रवारी अमेरिकेचा रोजगार अहवाल आला. जुलैत ७३ हजार नोकऱ्या वाढल्या. पण त्याहून मोठी गोष्ट खालच्या ओळीत होती. मेचा आकडा १ लाख ४४ हजारांवरून १९ हजारांवर, जूनचा १ लाख ४७ हजारांवरून १४ हजारांवर. दोन्ही मिळून २ लाख ५८ हजार कमी. त्याच दिवशी ट्रम्प यांनी आकडे फुगवून-घटवून दिल्याचा आरोप करत कामगार सांख्यिकी विभागाच्या आयुक्तांना काढून टाकलं.

नियमाप्रमाणे पाच मिनिटांचं काम, पण या बातमीसाठी वर्ग जानेवारीपासून तयार होत होता हे मला उशिरा कळलं. आकडे का बदलतात हे कोणी विचारलंच नाही. सुमारे १ लाख २१ हजार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांकडून माहिती मागवतात, काहींची उत्तरं उशिरा येतात, ती आली की आकडा सुधारतात. हे मी सांगायला गेले तर एकानं वाक्य माझ्या आधी पुरं केलं. पण लगेच दुसरा म्हणाला, "इतका मोठा बदल मात्र नेहमीचा नाही." तेही खरं. याचं कारण डाव्या रकान्यात शोधायचं, आणि कोणाला काढावं की नाही ते उजव्या.

एकानं सुचवलं की भाकीतवहीतले मे-जूनचे जुने आकडे खोडून नवे लिहू, म्हणजे वही स्वच्छ राहील. बाकीच्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. जुने आकडे तसेच ठेवले, शेजारी निळ्या शाईत नवे, खाली तारीख.

पुढची तपासणी ५ सप्टेंबर. जून पुन्हा बघायचा.